मथीची मूठ

सह्याद्रीच्या पोटाशी, एका खोल दरीच्या काठावर दरेवळ नावाचं गाव आहे. त्या गावाला रस्ता नव्हता, देवळाला कळस नव्हता, आणि आज पाराला कवेत घेऊन बसलेला वड तेव्हा अंगठ्याएवढा होता, त्या काळातली ही गोष्ट. गावाच्या वर मेटाचं पठार आहे. त्या पठारावर मथी नावाची एक ठाकरीण एकटीच राहायची.

तिचं वय कुणाला ठाऊक नव्हतं. गावातली निम्मी माणसं तिच्याच हातांत जन्मली होती आणि त्यांतली कितीतरी म्हातारी झाली होती. मथीला औषधाचा बटवा नव्हता, मंत्र नव्हता, अंगात येणं नव्हतं. कुणाचं पोट बिघडलं की ती त्याला घोंगडीवर निजवायची आणि त्याच्या पोटावर आपला उजवा कान ठेवायची. बराच वेळ ऐकायची. मग उठून पठारावर जायची आणि मूठभर पाला घेऊन यायची. कुणाला टाकळा, कुणाला घोळ, कुणाला अंबाडी, कुणाला भारंगीची कोवळी पानं. ज्याच्या पोटाला जे हवं ते. सांगायची एवढंच, की तेल थोडं घाला, भाकरीपेक्षा भाजी जास्त खा, आणि कोवळा देठ टाकू नका, आतली झाडलोट तोच करतो.

कधीकधी कान लावून ऐकताना ती हळू आवाजात बोलायची. समोरच्या माणसाशी नव्हे, त्याच्या पोटाशी. आणि पोट तिला उत्तर द्यायचं, असं म्हणतात.

पुढे दरेवळवर दोन वर्षांचा दुष्काळ आला. कणग्या रिकाम्या झाल्या, मग बियाणं संपलं, मग गुरं गेली. त्या दोन वर्षांत गाव जगलं ते मथीच्या पाल्यावर. ती उन्हातान्हात कड्याच्या सावलीला फिरायची, ओलसर फटींतून चार पानं काढायची, आणि रोज उतरून घराघरात मूठ मूठ ठेवून जायची. गाव वाचलं. पण सगळं वाचलं नाही.

गावचे पाटील रायाजी. त्यांना एकच लेक, ठमी. सहा वर्षांची. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिला ताप भरला आणि तीन दिवसांत ती गेली. रायाजी तेव्हा धान्य शोधायला घाटाखाली गेले होते. ते परतले तेव्हा लेक अंगणात निजवलेली होती, आणि तिच्या ओठांवर हिरवा रस वाळलेला होता.

रायाजींनी तो रस आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला. तो निघेना. मग त्यांनी विचारलं, की हिला शेवटचं कुणी काय दिलं. बायका म्हणाल्या, मथी येऊन गेली. रायाजींची बायको आवडाई काही सांगायला पुढे आली, पण नवऱ्याचा चेहरा पाहून मागे फिरली.

दुष्काळ सरला. पहिलं पीक घरात आलं त्या दिवशी रायाजींनी सगळं गाव देवीपुढे जमवलं आणि मेलेल्या लेकीच्या नावाने शपथ घातली. इथून पुढे दरेवळच्या चुलीवर पाला शिजणार नाही. ज्याच्या घरी शिजेल, त्याच्या घरचं पाणी गाव पिणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. कुणी पाटलांच्या धाकाने डोलावली, कुणी त्यांच्या दुःखाकडे पाहून. आणि खरं सांगायचं तर पाल्याचा रंग पाहिला की सगळ्यांनाच ते दिवस आठवायचे. तो पुन्हा पाहायची कुणाला हौस नव्हती.

मग सुगीची वर्षं आली. घरोघरी भात शिजू लागला, वर तूप, सोबत मटण, सणाला गुळाच्या पोळ्या. भाजीच्या नावाने कोथिंबिरीची काडीही कुणी घरात आणेना. पोरं भांडताना एकमेकांना पालेखाऊ म्हणू लागली. मथी पठारावरून उतरायची, दारात उभी राहायची, आणि दार लावून घेतल्याचा आवाज ऐकून परत जायची. असं तीनदा झालं. मग ती उतरेनाशी झाली.

तिसऱ्या वर्षी माघात पहिली खूण दिसली. लोकांची पोटं साफ होईनात. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. जेवण गोड लागेना, पण लोक जेवत राहिले. पोटं फुगली, मग घट्ट झाली, मग इतकी कडक झाली की वर बोट वाजवलं तर माठासारखा आवाज यावा. आणि मग त्यांच्यातून दुसराच आवाज येऊ लागला.

जातं फिरावं तसा.

भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं आणि माणसं घरात आडवी झाली, की गावात एकही जातं चालू नसताना ती घरघर सुरू व्हायची. आधी एका घरातून, मग शेजारच्या, मग सगळ्या आळीतून. दगडावर दगड घासत राहायचा, आणि मध्ये दाणाच नसल्यासारखा तो आवाज कोरडा असायचा. कुत्री घरातून उठून वेशीबाहेर जाऊन बसायची. ऊन कलल्याशिवाय ती परत यायची नाहीत, असं म्हणतात.

फाल्गुनात कोंडाजी सुतार गेला. होळीची पुरणपोळी खाऊन आडवा झाला तो उठलाच नाही. त्याची चिता दोन दिवस जळली. राख सावडायला गेलेल्यांना पोटाच्या जागी एक काळा गुळगुळीत गोटा सापडला, नारळाएवढा. त्यांनी तो दरीत टाकला. तो तळाशी आपटल्याचा आवाज काही कुणी ऐकला नाही. त्यानंतर आणखी सहाजण गेले.

आणि मग वैशाखात टाकळा आला.

टाकळा तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात वाटेच्या कडेला आपोआप उगवतो, पानं जोडीजोडीने लागतात, आणि तिन्हीसांजेला ती पानं हात जोडल्यासारखी मिटतात. पण तो पावसातला. वैशाखात जमीन तव्यासारखी तापलेली असते, तेव्हा गवताची काडीही उगवत नाही. त्या वैशाखात एका सकाळी दरेवळच्या वेशीवर टाकळ्याची रांग उभी होती. लोकांनी उपटली. दुसऱ्या सकाळी ती गावात दहा पावलं आत आली होती. पुन्हा उपटली. तिसऱ्या सकाळी टाकळा आळीत होता, चौथ्या सकाळी अंगणात. पाचव्या दिवशी लोक उठले तर शेणाने सारवलेल्या घरातल्या जमिनी उकलल्या होत्या आणि चुलीभोवती, अंथरुणाभोवती हिरवे कोंब वर आले होते. एका म्हातारीच्या उशाशी तो एवढा जवळ उगवला होता की पानं तिच्या गालाला लागत होती.

भाजी माणसांना शोधत चालत आली होती, असं म्हणतात. पण त्या वेळी तसं कुणाला वाटलं नाही. गाव म्हणालं, ही करणी आहे. मथीने गावावर मूठ मारली आहे.

रायाजींनी दहा माणसं घेतली आणि पठार चढले. मथी झोपडीपुढे बसली होती. त्यांनी तिला काही विचारलं नाही. तिची झोपडी पेटवली, झोपडीमागचा भाजीचा वाफा पेटवला. मथी उठून बाजूला झाली आणि जाळाकडे पाहत राहिली.

रायाजी म्हणाले, "मथे, तुझी मूठ मागे घे. नाहीतर पुढच्या वेळी झोपडी तुझ्यासकट जळेल."

मथी म्हणाली, "मूठ माझी नाही रे रायबा. ती गावाची भूक आहे. जाळून बघ. मुळं खाली असतात."

ती त्यांना रायबा म्हणायची, कारण त्यांनाही जगात तिनेच आणलं होतं. माणसं उतरली. खाली येऊन पाहतात तर टाकळा गुडघ्याएवढा झाला होता.

त्याच आठवड्यात आवडाई अंथरुणाला खिळली. तिचं पोट इतकं कडक झालं की तिला कुशीवर वळता येईना. रायाजी तिच्याजवळ बसून राहिले. दुपार झाली. आळीतून घरघर सुरू झाली. रायाजी वाट पाहत होते, की आता हिच्या पोटातूनही जातं ऐकू येईल.

जातं ऐकू आलं नाही. हाक ऐकू आली. बारीक, लांबून आल्यासारखी, पण स्पष्ट.

"आबा, भूक लागली."

ठमीचा आवाज होता. ज्या पोटात ती नऊ महिने होती, त्याच पोटातून येत होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आवडाईचे डोळे उघडे होते, आढ्याकडे लागलेले.

ती म्हणाली, "मला महिन्यापासून ऐकू येतं. तुम्हांला कसं सांगू?"

रायाजी तसेच उठले. पायात वहाणा नाहीत, डोक्याला मुंडासं नाही. भर उन्हात ते एकटे पठार चढले. मथी जळलेल्या झोपडीच्या राखेत बसली होती. रायाजी तिच्यापुढे उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, काठी घेतली आणि न विचारता पुढे होऊन उतरू लागली.

घरात आल्यावर मथीने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि आवडाईच्या पोटावर कान ठेवला. ती किती वेळ ऐकत होती याचा हिशोब राहिला नाही. दाराशी जमलेल्यांनी हाक ऐकली. एकदा, दोनदा, तीनदा. बायकांनी पदर तोंडात धरले. मथी हळूहळू काहीतरी बोलत होती, जसं रडणाऱ्या लेकराशी बोलावं तसं. मग तिने डोकं उचललं.

"ही ठमी नाही," ती म्हणाली. "पोटाला स्वतःचा आवाज नसतो. आधी ते घरघरतं. तरी माणूस ऐकत नाही. मग ज्याची हाक त्याला टाळता येत नाही, त्याचा आवाज ते उसना घेतं."

रायाजी म्हणाले, "पण ती भुकेली गेली. आजे, माझी लेक भुकेली गेली."

"नाही गेली."

आणि मग मथीने ते सांगितलं जे तीन वर्षांपूर्वी आवडाईला सांगता आलं नव्हतं. त्या दिवशी ती आली तेव्हा ताप ठमीच्या डोक्यात चढला होता. ती वाचणार नव्हती, हे मथीला पोटाला कान लावताच कळलं होतं. पोरीचं पोट रिकामं होतं आणि ती आईकडे खायला मागत होती, आणि घरात काही नव्हतं. मथीने कमरेला बांधलेली शेवटची पानं काढली, दगडावर चेचली, आणि रस तिच्या ओठांत थेंब थेंब सोडला. ठमीने तो गिळला. मग तिने आणखी मागितलं नाही.

"तिला उपाशी पाठवायची नव्हती, म्हणून दिला," मथी म्हणाली. "तेवढंच माझ्या हातात होतं."

रायाजी खाली बसले. आवडाईने अंथरुणातून हात पुढे केला आणि त्यांच्या पायावर ठेवला. मग रायाजींनी विचारलं, की आता शपथेचं काय करायचं, ती लेकीच्या नावाची आहे. मथी म्हणाली, की ज्याने घातली त्यानेच ती उचलायची. स्वतःच्या हाताने खुडायची, स्वतःच्या हाताने शिजवायची.

रायाजी अंगणात गेले. उंबऱ्याला लागूनच टाकळा उभा होता, हिरवागार. ते खुडायला वाकले, आणि त्यांची सावली पडताच पानं मिटली. भर दुपारी, तिन्हीसांजेसारखी. ते पुढच्या झाडाकडे गेले. तेही मिटलं. अंगणभर, मग आळीभर, सगळी पानं एकामागून एक मिटत गेली, आणि मिटताना पाखरांनी पंख झाडावेत तसा आवाज झाला, असं म्हणतात.

लोक घाबरून मागे सरले. रायाजी सरले नाहीत. ते त्या तापल्या मातीत मांडी घालून बसले. उन्हाने पाठ पोळत होती. ते मिटलेल्या पानांशी बोलू लागले. काय बोलले ते कुणाला नीट ऐकू आलं नाही. जवळ उभ्या असलेल्यांना ठमीचं नाव ऐकू आलं, आणि मथीचं, आणि कोंडाजी सुताराचंही. गेलेल्या सातही जणांची नावं त्यांनी घेतली, असं म्हणतात. ऊन कलायला आलं तेव्हा त्यांच्या गुडघ्याजवळचं एक पान उघडलं. मग दुसरं. मग सगळी आळी उघडली.

त्यांनी वरचे कोवळे शेंडे तेवढे खुडले, मूठ भरेल एवढेच. मथीने दाखवलं तसे निवडले, धुतले, लसणाच्या फोडणीवर टाकून वाफवले. चूल फुंकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं होतं की कशाचं, हे कुणी विचारलं नाही. मग त्यांनी नाचणीच्या भाकरीबरोबर ती भाजी घास घास करून आवडाईला भरवली आणि ताटलीत उरलेली स्वतः खाल्ली.

त्या रात्री हाक आली नाही. पहाटे आवडाई उठून बसली, तांब्या उचलला आणि भिंतीला धरत धरत आपल्या पायांनी परसाकडे गेली. कुणाच्या परसाकडे जाण्याकडे एखादं गाव इतक्या आशेने पाहत उभं राहिलं, असं पुन्हा कधी घडलं नाही. ती परतली तेव्हा तिचा चेहरा मोकळा झाला होता. तिने आल्या आल्या पाणी मागितलं आणि मग म्हणाली, "भाजी उरली आहे का?"

त्या दिवशी दरेवळच्या प्रत्येक चुलीवर पाला शिजला.

मथी नऊ दिवस गावात राहिली. ती घरोघरी गेली आणि प्रत्येक पोटावर कान ठेवला. ज्याला टाकळा चालणार नव्हता त्याच्यासाठी दुसरं काही शोधून आणलं. वैशाखात घोळ कुठून आली, अंबाडी कुठून आली, हे विचारायची कुणाला शुद्ध नव्हती. एकेक पोट सैल होत गेलं, एकेका घरातली घरघर थांबत गेली. पण लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्या पोटातून आवाज गेला, तो नाहीसा होत नव्हता. तो मथीच्या कानात जात होता. तिसऱ्या दिवशी तिला जवळून मारलेली हाकही ऐकू येईना. सहाव्या दिवशी तिच्या हातांच्या शिरा हिरव्या दिसू लागल्या, आणि नखंही. ती जेवत नव्हती. रायाजींनी हात जोडून सांगितलं, की आजे, दोन घास खा. तिला ते ऐकू गेलं नाही.

नवव्या दिवशी गावात कुठेही जातं वाजत नव्हतं. भर दुपारची वेळ, आणि दरेवळ इतकं शांत की झाडावरून पडणारं पान ऐकू यावं. फक्त मथी चालली की घरघर यायची. तिच्या एकटीच्या आतून, सगळ्या गावाची. ती कुणाचा निरोप न घेता पाराजवळून गेली आणि पठाराची वाट चढू लागली. माणसं दारात उभी राहून ऐकत होती. घरघर वर जात होती, लहान होत होती. मग कड्याच्या वळणावर ती थांबली.

आवडाई भाकरी आणि भाजी बांधून तिच्या मागोमाग वर गेली, रायाजीही गेले. झोपडीच्या राखेच्या जागी मथी नव्हती. राखेतून टाकळा उगवला होता. एका अंगावर निजलेल्या बाईएवढा लांब, डोक्याकडे रुंद, पायाकडे निमुळता, आणि उजवा कान जमिनीला लावल्यासारखा. आवडाईने भाकरी तिथे ठेवली. तिने वाकून त्या पानांना आपला कान लावला. आत सगळं शांत होतं. पोट भरलेलं माणूस निजल्यावर येतो तसा संथ श्वास तेवढा येत होता, असं तिने खाली येऊन सांगितलं, आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिली.

या गोष्टीला किती पिढ्या झाल्या ते आता कुणी मोजत नाही. मेटाच्या पठारावर ती जागा अजून आहे. तिथला टाकळा खुडत नाहीत, बाकी सगळं पठार मोकळं आहे. दरेवळच्या बायका आषाढ-श्रावणात भाजीला वर जातात तेव्हा त्या जागेपाशी थांबतात आणि आपल्या घरात खाणारी तोंडं किती, ते मोठ्याने सांगतात. कुणी पाच सांगते, कुणी नऊ. जेवढी तोंडं तेवढ्या मुठी खुडायच्या, आणि एक वर. हावरेपणाने दोन वर कुणी घेत नाही. घेतल्या तर उतरताना टोपली जड होत जाते, असं म्हणतात. गावात नवी सून आली की सासू तिला पहिल्या श्रावणात वर नेते आणि हे सगळं शिकवते. लग्नाच्या पंगतीतही पानावर आधी पालेभाजी वाढतात, आणि पंगतीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने ती खाल्ल्याशिवाय गोडाला कुणी हात लावत नाही.

घरी आल्यावर बायका टोपली सुपात ओततात आणि मुठी मोजतात. वरची एक मूठ कधीच भरत नाही. टोपलीला भोक नसतं, वाटेत काही सांडलेलं नसतं. नव्या सुना सुरुवातीला पुन्हा पुन्हा मोजून पाहतात. सासवा त्यांना मोजू देतात. मग सुपावरून हात फिरवतात, "तिची तिला पोचली," एवढंच म्हणतात, आणि चुलीकडे वळतात.